तक्रारदाराचे नाव झाका, कंपनीचे नको

प्रति,
मा. मंत्री, ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

या पत्रात मुख्य मागणी एकच आहे, ती आधी सांगतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, येणाऱ्या तक्रारींची माहिती दर तिमाहीला कंपनीच्या नावानिशी प्रसिद्ध व्हावी. कोणत्या कंपनीविरुद्ध कशाबद्दल किती तक्रारी आल्या, त्या किती दिवसांत सुटल्या, ग्राहकाच्या हाती पैसे पडले की नुसते उत्तर, एवढे तीत असावे. तक्रार करणाऱ्याचे नाव, फोन, पत्ता, बिल यांतले काहीही असू नये.

मी ग्राहक चळवळीतला कार्यकर्ता आहे. आमच्या मार्गदर्शन केंद्रात येणाऱ्या माणसाला आम्ही लगेच ग्राहक आयोगात पाठवत नाही. आधी कंपनीला लेखी पत्र द्यायला सांगतो, मग १९१५ वर फोन, आणि त्यानेही भागले नाही तर आयोग. यामागे व्यवहार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत आणि वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे लिहिले आहे. जिल्हा आयोगाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला विचारा, तो तारखांचा हिशेब वर्षांत सांगेल. दोन-तीन हजारांच्या मिक्सरसाठी एवढा काळ कोणी देऊ शकत नाही. हेल्पलाइनला वकील लागत नाही, फी लागत नाही, मराठीसह १७ भाषांत बोलता येते, आणि पुष्कळदा काम होते. बंद पडलेला फ्रीज बदलून मिळतो, अडकलेला रिफंड खात्यात येतो. म्हणून या वाटेबद्दल मला आस्था आहे. ती अधिक रुंद व्हावी अशीच माझी इच्छा आहे.

अशा तडजोडीत गुप्तता लागते, हेही मी मान्य करतो आणि त्यावर थोडे सविस्तर बोलतो. पारदर्शकतेची मागणी करणारे आम्ही लोक या बाजूकडे पुरेसे पाहत नाही.

ग्राहकाची तक्रार म्हणजे नेहमी मिक्सर आणि मोबाइल नसतो. केस प्रत्यारोपण फसलेला तरुण येतो. वंध्यत्वावरच्या उपचारांच्या पॅकेजमध्ये लाखो रुपये घालवून बसलेले जोडपे येते, आणि दोघांच्या घरी याची कुणालाच कल्पना नसते. विवाह संस्थेने पैसे घेऊन स्थळे दाखवली नाहीत म्हणून मुलीचे वडील येतात आणि आधी विचारतात, आमचे नाव कुठे येणार नाही ना? कर्जाच्या हप्त्यावरून वसुलीवाल्यांनी गांजलेला नोकरदार येतो. ऑफिसात कळले तर काय, हीच त्याची पहिली चिंता. आपली गोष्ट चव्हाट्यावर येणार अशी नुसती शंका आली तरी ही माणसे तोंड उघडणार नाहीत. त्यांच्यासाठी गुप्तता ही तक्रार करण्याची पहिली अट आहे.

समोरच्या बाजूलाही मोकळेपणा लागतो. बंद खोलीत कंपनीचा माणूस ‘हो, आमच्याकडून उशीर झाला’ असे म्हणतो ते पुढे तेच वाक्य आयोगात त्याच्याविरुद्ध वापरले जाणार नाही, या भरवशावर. संसदेने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या मध्यस्थी कायद्यात हा भरवसा नीट शब्दांत मांडला आहे. मध्यस्थासमोर झालेली कबुली, मागितलेली माफी, दिलेला प्रस्ताव, पुढे केलेली तयारी, हे सगळे त्या कायद्याने गोपनीय ठरवले. बैठकीच्या ध्वनिमुद्रणाला आणि चित्रीकरणालाही मनाई केली. मला हे योग्य वाटते. महारेराच्या सलोखा मंचात २०१८ पासून बिल्डरांच्या संघटनेचा एक आणि ग्राहक संघटनेचा एक असे दोघे एकत्र बसून घर घेणाऱ्याचे आणि बिल्डरचे भांडण सोडवतात. तिथे कोण किती मागे हटले याची जाहिरात झाली असती, तर कुणीच मागे हटले नसते.

पण या सगळ्यात गोपनीय काय ठरते? बोलणे ठरते. तक्रारदाराची ओळख ठरते. एखाद्या कंपनीविरुद्ध गेल्या तीन महिन्यांत एकाच दोषाच्या चारशे तक्रारी आल्या, ही गोष्ट यांतल्या कशातच बसत नाही. ते कुणाचे गुपित नाही. ती त्या चारशे घरांनी सरकारच्या हवाली केलेली माहिती आहे, आणि आज ती सरकारच्या संगणकात पडून राहते.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक वाक्य ठरलेले असते: ‘साहेब, या मॉडेलची अशी तक्रार पहिल्यांदाच येते आहे.’ आमच्या केंद्रात आलेल्या कित्येकांना ते ऐकवले गेले होते. एकाच कंपनीच्या एकाच वॉशिंग मशीनचे तेच सर्किट जळाले म्हणून वेगवेगळ्या गावांतले तीन जण आमच्याकडे आले, आणि तिघांनाही त्यांची तक्रार पहिलीच असल्याचे सांगितले गेले होते. केंद्राच्या वहीत तिघांची नोंद एका पानावर आली म्हणून आम्हाला ते दिसले. त्या तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. ‘पहिलीच तक्रार’ ऐकलेला माणूस आपल्याच हाताळणीत चूक शोधतो, स्टॅबिलायझर नव्हता का, पाणी जड होते का, आणि निम्म्या खर्चात दुरुस्तीला कबूल होतो. तडजोड होते. कागदावर ती दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेली असते. एका बाजूला मात्र खरी परिस्थिती माहीतच नव्हती.

भारतीय न्यायव्यवस्थेचाही दीर्घ अभ्यास केलेले अमेरिकन कायदेपंडित मार्क गॅलँटर यांनी १९७४ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात ही विषमता मांडली होती. एक पक्ष आयुष्यात एकदाच भांडायला येतो, दुसरा रोज येतो. रोज येणाऱ्याला कोणत्या टप्प्यावर किती द्यायचे, कुणाला उत्तर न देता थकवायचे, कुणाशी लगेच मिटवायचे, हे अनुभवाने ठाऊक असते. आधीच्या शेकडो तडजोडी त्याच्या फायलीत असतात. एकदाच आलेल्या माणसाजवळ फक्त स्वतःची पावती असते. तक्रारींची माहिती गुप्त राहिली की ही तफावत कायम राहते, आणि ती राखण्याचे काम, महोदय, आपल्या खात्याच्या यंत्रणेकडून नकळत होते.

खात्याची प्रसिद्धिपत्रके मी नियमित वाचतो. अमुक काळात हेल्पलाइनमुळे इतक्या कोटींचा परतावा मिळाला. ई-कॉमर्समध्ये इतका, प्रवास आणि पर्यटनात इतका, शिकवणीवर्गांत इतका. आकडे क्षेत्रवार असतात. कंपनीचे नाव क्वचित दिसते, तेही बहुधा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कारवाई केल्यानंतर. फ्रीज घ्यायला निघालेल्या माणसाला ‘गृहोपयोगी उपकरणे’ या शीर्षकाखालच्या बेरजेचा काय उपयोग? तो क्षेत्र विकत घेत नाही, एका कंपनीची एक वस्तू घेतो.

नावानिशी ढीग दिसला की काय होते, हे आपल्याच प्राधिकरणाने दाखवून दिले आहे. ओला टॅक्सीच्या ग्राहकांना भाड्याची तक्रार केल्यावर बँकेत पैसे परत घेण्याचा पर्याय न देता पुढच्या प्रवासाचे कूपन दिले जात होते. एकेका तक्रारीची रक्कम किरकोळ. कूपन मिळाले म्हणजे तक्रार मिटली असेही कुणी म्हणू शकले असते. पण २०२४ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हेल्पलाइनवर या कंपनीविरुद्धच्या दोन हजारांहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. प्राधिकरणाने त्या एकत्र पाहिल्या, ही एखाद-दुसरी चूक नसून कंपनीचे धोरण आहे हे ओळखले, आणि परतावा बँकेत की कूपनमध्ये हे ग्राहकाला निवडू द्या, असा आदेश दिला. त्या आदेशाचे मी मनापासून स्वागत केले होते. पण ढीग पाहू शकणारे डोळे फक्त सरकारचे होते. पत्रकार, ग्राहक संघटना, विद्यापीठातले अभ्यासक आणि खुद्द गिऱ्हाईक यांना तो दिसत असता, तर नऊ-दहा महिने वाट पाहावी लागली असती का?

सरकारच्या नजरेतून सुटते त्याचे काय करायचे, यावर कायद्याने एक वाट ठेवली आहे. कलम ३५ नुसार सारखेच गाऱ्हाणे असलेल्या अनेकांच्या वतीने एक किंवा काही ग्राहक आयोगाच्या परवानगीने सामूहिक तक्रार करू शकतात. मात्र बंगळुरूच्या एका गृहप्रकल्पाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की बाकीच्यांचे हितसंबंध आपल्यासारखेच आहेत हे तक्रारीत नीट मांडावे लागते. त्याशिवाय ती सामूहिक तक्रार म्हणून चालत नाही. न्यायालयाचे म्हणणे रास्त आहे. पण बाकीचे कोण, किती आणि त्यांचे दुखणे काय, हे कळायचे कुठून? एका इमारतीतले लोक निदान जिन्यात भेटतात. एकाच कंपनीचा सदोष इन्व्हर्टर घेतलेले नांदेडचे, चिपळूणचे आणि पणजीचे गिऱ्हाईक कुठे भेटणार? १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली ती शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याचे सामान घाऊक घेऊ लागली त्यातून. एकेकट्या ग्राहकाचे दुकानदारापुढे काही चालत नव्हते, दहा-वीस घरे मिळून गेली की चालत होते. आजचे शेजारी सरकारी नोंदींत एकमेकांशेजारी आहेत, आणि त्यांना एकमेकांची खबर नाही.

ही मागणी नवी नाही, परदेशीही नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ पासून बँकांना आपल्या वार्षिक अहवालात ग्राहकांच्या तक्रारींची संख्या, लोकपालाकडे गेलेल्या तक्रारी आणि तक्रारींची पाच प्रमुख कारणे जाहीर करायला लावले आहे. सेबीच्या नियमांनुसार शेअर दलालांना दर महिन्याचे तक्रारींचे तक्ते आपापल्या संकेतस्थळावर लावावे लागतात. बँका बुडाल्या नाहीत, दलालांनी दुकाने गुंडाळली नाहीत. मग टीव्ही, फ्रीज, स्कूटर, विमानाची तिकिटे, शिकवणीवर्ग आणि ऑनलाइन खरेदी यांनाच सवलत का?

बाहेरचा दाखला हवा असेल तर ब्रिटनचा सर्वांत उपयोगी आहे, कारण तिथे गुप्तता आणि उघडपणा यांच्यामध्ये रेघ नेमकी कुठे मारायची हे ठरवलेले दिसते. तिथल्या आर्थिक सेवांच्या लोकपालाकडे बहुसंख्य तक्रारी पहिल्या टप्प्यावर अनौपचारिकपणे मिटतात. त्यांचा तपशील छापला जात नाही. प्रकरण लोकपालाच्या अंतिम निर्णयापर्यंत गेले की तो निर्णय प्रसिद्ध होतो. त्यात कंपनीचे नाव असते, ग्राहकाचे नसते. शिवाय दर सहा महिन्यांनी कंपनीवार तक्ता निघतो: किती तक्रारी आल्या आणि त्यांतल्या किती ग्राहकाच्या बाजूने लागल्या. ज्यांच्याविरुद्ध त्या काळात किमान ३० नव्या तक्रारी आल्या आणि ३० निकाली निघाल्या, अशाच कंपन्या त्यात येतात, त्यामुळे कोपऱ्यावरचा लहान व्यावसायिक एखाद्या भांडणापायी बदनाम होत नाही. अमेरिकेत ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०१२ पासून तक्रारी कंपनीच्या नावासह लोकांना खुल्या केल्या, आणि २०१५ पासून ग्राहकाची संमती असेल तर ओळख पुसून त्याचे स्वतःचे निवेदनही.

उद्योगांच्या संघटना आपल्याला काय सांगतील हे मला ठाऊक आहे. मोठ्या कंपनीचे ग्राहक जास्त, म्हणून तक्रारीही जास्त दिसणार. बरोबर आहे, म्हणून विक्रीच्या प्रमाणात आकडा द्या, आणि विक्रीचा आकडा कंपनीने स्वतः पुरवावा. स्पर्धक खोट्या तक्रारी करतील. करतील, म्हणून बिलाची प्रत जोडलेल्या तक्रारीच मोजा आणि कंपनीचे उत्तर शेजारी छापा. तक्रार म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे, हेही तक्त्याच्या डोक्यावर ठळक लिहा. चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: नावे उघड झाली तर कंपन्या हेल्पलाइनशी सहकार्यच करणार नाहीत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत कंपन्यांनी हेल्पलाइनच्या भागीदार व्हावे यासाठी फक्त ‘शक्य तितका प्रयत्न’ करायला सांगितले आहे, त्यामुळे हा धाक खरा वाटू शकतो. त्यावर माझे उत्तर असे की भागीदारी न करणाऱ्यांचे नाव त्याच तक्त्यात ‘प्रतिसाद नाही’ या रकान्यात छापावे. मग कोणती चांगली कंपनी त्या रकान्यात बसायला तयार होईल?

या मुख्य मागणीबरोबर आणखी दोन गोष्टी जोडतो, कारण त्यांच्याशिवाय तक्ताही खोटा ठरेल.

पहिली गोष्ट गप्प बसण्याच्या अटीची. ‘आधी तक्रार मागे घेतल्याचा मेल पाठवा, मग रिफंड सोडतो’ हे आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. ऑनलाइन लिहिलेला रिव्ह्यू काढायला लावतात. ‘यापुढे या विषयावर कोठेही तक्रार करणार नाही’ अशा कागदावर सही घेतात. ज्याचे अठरा हजार चार महिने अडकले आहेत तो सही करतो. विमा कंपन्या घेतात त्या ‘पूर्ण व अंतिम’ पावतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटले आहे की फसवून किंवा दडपणाखाली घेतलेल्या अशा सहीने ग्राहकाचा हक्क संपत नाही. पण हे माहीत असणारे किती? तडजोडीची रक्कम गुप्त ठेवण्याची अट ग्राहकाला मंजूर असेल तर असू द्या. प्राधिकरणाला, नियामकाला किंवा आयोगाला काही सांगायचे नाही आणि खरा अनुभव कुठे लिहायचा नाही, ही अट मात्र अनुचित व्यापार प्रथा म्हणून जाहीर व्हावी. कलम १८ खाली मार्गदर्शक सूचना काढण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहेच. तोच वापरून त्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲप आणि संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. चौदावी मनाई याची हवी.

दुसरी गोष्ट आयोगांतल्या मध्यस्थी कक्षांची. २०२० च्या मध्यस्थी नियमांतला चौथा नियम सांगतो की सार्वजनिक हिताची, किंवा आयोगापुढे नसलेल्या अनेकांच्या हिताशी जोडलेली प्रकरणे मध्यस्थीकडे पाठवू नयेत. हा नियम लिहिणाऱ्याने दूरचा विचार केला होता. पण तो पाळायचा तर आयोगाला कळले पाहिजे की समोरच्या कंपनीविरुद्ध हीच तक्रार आणखी कुठे कुठे आहे. सातारच्या आयोगाला जळगावात काय चालले आहे ते पूर्वी कळणे शक्य नव्हते. जानेवारी २०२५ पासून देशभरच्या आयोगांसाठी ई-जागृती ही एकच प्रणाली सुरू झाली आहे. प्रकरण मध्यस्थीकडे देण्यापूर्वी त्या प्रणालीत आणि हेल्पलाइनच्या नोंदींत कंपनीचे नाव तपासणे बंधनकारक करा. एकाच दोषाच्या तक्रारी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या असतील तर ग्राहकाला त्याचा परतावा मिळू द्या, पण दोषाची माहिती प्राधिकरणाकडे आपोआप गेली पाहिजे.

माहितीच्या अधिकारात ही कंपनीवार माहिती मागितली की व्यावसायिक गोपनीयतेचे कलम पुढे केले जाण्याची शक्यता असते. बँकांच्या तपासणी अहवालांबाबत रिझर्व्ह बँकेनेही विश्वासाने मिळालेली माहिती असे कारण दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ते फेटाळले आणि नियामकाचे कर्तव्य बँकांप्रती नसून जनतेप्रती आहे असे सांगितले. तक्रारींची माहिती तर कंपन्यांनी दिलेलीच नाही. ती आम्ही दिली आहे, फोन करून, डॉकेट क्रमांक लिहून घेऊन, बिलांचे फोटो पाठवून.

यासाठी नवा कायदा लागत नाही, संसदेचे अधिवेशन लागत नाही. नोंदी आपल्याकडे आहेत, त्या कंपनीवार लावलेल्या आहेत, ओला प्रकरणात त्या वापरल्याही आहेत. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्या तारखेला झाला. दरवर्षी त्या दिवशी दिल्लीत समारंभ होतो, भाषणे होतात. येत्या २४ डिसेंबरला, महोदय, पहिला कंपनीवार तक्ता प्रसिद्ध करा, आणि तो मराठीतही करा.

कळावे,
एक ग्राहक कार्यकर्ता
महाराष्ट्र